मशीनगन राहिली, स्तंभ गेला : युद्धयंत्रांचे जतन आणि आपली नावे

गेल्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतली सात-आठ मुले आणि एक निवृत्त काका यांना घेऊन जुन्या गाड्यांचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. मुलांना फोटोंची हौस होती. काकांना आम्हीच आग्रह करून नेले, कारण त्यांची अडतीस वर्षे लष्कराच्या एका डेपोत फिटर म्हणून गेली. मैदानाच्या कडेला दुसऱ्या महायुद्धातली एक विलीज जीप उभी होती. शेवाळी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे कुदळ-फावडे बांधलेले. शेजारी तिचे मालक, आणि पुढचे चाक काढण्यासाठी धडपडणारा एक तरुण मदतनीस. पान्यावर सगळे वजन टाकले तरी नट हलत नव्हता.

काका पुढे झाले आणि म्हणाले, "पोरा, डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. तू सोडवत नाहीयेस, आवळतोयस."

तरुणाने पाना उलट फिरवला. नट सुटला.

मालक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी लगेच वही काढून ती गोष्ट टिपून घेतली. काकांना चहा दिला, सहा व्होल्टच्या बॅटरीबद्दल आणि कार्ब्युरेटरबद्दल चार शंका विचारल्या, उत्तरेही लिहून घेतली. मग आम्हाला जीपचा चॅसी नंबर दाखवला. ती कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात तयार झाली ते सांगितले. या सगळ्या वेळात त्यांनी एकच गोष्ट विचारली नाही. काकांचे नाव.

परतताना बसमध्ये आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "दादा, त्यांना गाडीच्या एकेका नटाचा इतिहास माहीत आहे. मग ती चालवली कोणी, दुरुस्त केली कोणी, हे कोणीच का लिहून ठेवलं नाही?"

आम्ही गप्प बसलो. कारण काकांच्या घरी आम्ही कित्येक वर्षे जातो, त्यांचे वडील महायुद्धाच्या काळात फौजेत होते हेही ऐकून होतो. पण त्या वडिलांचे नाव आम्हीही कधी विचारले नव्हते. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

हौस आहे, पण शास्त्रही आहे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. युद्धातली जुनी वाहने आणि सामग्री गोळा करून ती पुन्हा चालती करणे हा श्रीमंतांचा रिकामा खेळ आहे, असे म्हणून हा विषय झटकून टाकायचा नाही. हे काम कष्टाचे आणि चिकाटीचे आहे. त्यातून आपल्याला शिकण्यासारखेही आहे.

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. आराखडा एकच असल्यामुळे एकीचा सुटा भाग दुसरीला बसतो. पण फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, 'एफ' हे अक्षर उमटवले होते. आज फोर्डची जुनी जीप जशीच्या तशी उभी करू पाहणारा माणूस तो 'एफ'चा बोल्ट मिळवण्यासाठी भंगार बाजार पालथे घालतो. दुसरा कोणताही बोल्ट बसतो, गाडीही चालते, पण त्याला तो चालत नाही. रंग काढतानाही तो एकदम खरवडत नाही. एकेक थर उतरवतो, कारण खालच्या एखाद्या थरात मूळचा लष्करी क्रमांक सापडण्याची शक्यता असते.

ब्रिटनमध्ये बोव्हिंग्टन येथे रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. तिथे 'टायगर १३१' नावाचा जर्मन रणगाडा आहे. एप्रिल १९४३ मध्ये तो ट्युनिशियात ब्रिटिश फौजेच्या हाती लागला. अनेक वर्षे खपून कारागिरांनी तो पुन्हा स्वतःच्या ताकदीवर चालता केला. आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे महायुद्धातले रणगाडे, जपान्यांचे रणगाडे, पुढे पाकिस्तानी फौजेकडून हस्तगत केलेला पॅटन, आपला विजयंता, असा मोठा ठेवा तिथे आहे. अजून पाहिला नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा.

म्हणजे जतन कसे करायचे हे माणसाला कळते. एका बोल्टसाठी दहा वर्षे थांबायची तयारीही असते. तरीही अशा कोणत्याही यंत्रासमोर उभे राहिलात की साधारणपणे काय वाचायला मिळते? वजन, इंजिनाची ताकद, तोफेचा व्यास, कोणत्या देशाने कधी बनवले. फार तर एखाद्या सेनापतीचे नाव. आत बसून उन्हात भाजणारा, पट्टा तुटल्यावर चिखलात उतरणारा, रात्रभर जागून इंजिन उघडणारा माणूस त्या पाटीवर क्वचितच असतो.

काय जपायचे हे कोण ठरवते?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलेली एक गोष्ट कामाच्या ठिकाणी रोज पटते. समाज काय जपतो आणि काय टाकून देतो, यावरून तिथे कोणाचे चालते हे कळते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका मुळात महायुद्धाचेच अपत्य. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण युद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि १९६१ मध्ये ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिने कामगिरी केली, १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली. ती टिकवण्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न सुटला नाही. शेवटी तिचा लिलाव झाला, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्ग मोकळा केला आणि दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिच्या धातूचा वापर करून मोटरसायकल बाजारात आली, तिची जाहिरातही जोरात झाली.

विक्रांतसाठी हळहळणारे लेख त्या काळात भरपूर आले. हळहळ योग्यच होती. पण गॅस कटर हातात धरून तिच्या पोलादावर दिवसदिवस काम करणाऱ्या मजुरांवर तुम्ही किती लेख वाचलेत? भंगार फोडणे, मेलेले ढोर ओढणे, गटारात उतरणे ही कामे या देशात कोणाच्या वाट्याला येतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. इथे वस्तूंनासुद्धा जात चिकटते. जोवर यंत्र चालते तोवर ते साहेबाचे असते. मोडले की ते आपल्या वस्तीत येते.

आपले हात यंत्रापर्यंत उशिरा का पोचले?

आता थोडे मागे जाऊ, कारण हा प्रश्न फक्त पाटीवरच्या नावांचा नाही. यंत्राला हात लावू द्यायचा की नाही, इथून तो सुरू होतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते हे आपण जाणतो. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. पण १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चे तथाकथित शास्त्र उभे केले. काही जाती जन्मतः शूर, बाकीच्या निकामी! मनुस्मृती आणि इंग्रजांची लष्करी भरती यांचे इथे चांगलेच जुळले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली.

हाच खेळ दुसऱ्या महायुद्धात पुन्हा झाला. युद्धापूर्वी सुमारे दोन लाख असलेली हिंदी फौज युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. ट्रक, जीप, रणगाडे, तोफा, वायरलेस अशी यंत्रांची रीघ लागली आणि ती चालवायला हात पुरेनात. तेव्हा 'निकामी' ठरवलेल्या जाती एकदम कामाच्या ठरल्या. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. महार पलटणीची मागणी त्यांनी लावून धरलीच होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन कामठीला उभारली गेली आणि ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट निघाली, तीही ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढली आणि १९४६ मध्ये बरखास्त झाली. त्याच मोहिमेतला एक ली रणगाडा आजही कोहिमाला जपून ठेवला आहे. रणगाडा आहे, रेजिमेंट नाही.

लक्षात घ्या, बाबासाहेब फक्त बंदूक मागून थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धासाठी फिटर, टर्नर, वेल्डर अशा कारागिरांना शिकवून तयार करण्याची योजना मजूर खात्याकडे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या इतर गाऱ्हाण्यांबरोबर आपल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाचा प्रश्नही मांडला. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या थोडे वर आरक्षण ठरले. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, सुटून येणाऱ्या जवानांना आणि कामगारांना पुन्हा कामाला लावण्यासाठी पुनर्वसन आणि रोजगाराची यंत्रणा उभी झाली. आजची एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज तिचीच पुढची पिढी. बाबासाहेबांचा हिशोब सरळ होता. उद्याचे जग यंत्राचे आहे, आणि पाना ज्याच्या हातात नाही त्याच्या हातात झाडू कायम राहील.

चार लिटर पाणी

ऑक्टोबर १९४६ मध्ये महार रेजिमेंट ही मशीनगन रेजिमेंट झाली. हत्यार होते व्हिकर्स मशीनगन. आज जगभरातले संग्राहक या गनच्या मागे असतात, तिचे पितळी भाग चकचकीत करतात, मूळची तिपाई शोधतात. पण ती गन चालायची कशी हे समजले की तिच्यामागची माणसे दिसू लागतात.

व्हिकर्स हे एकट्याचे हत्यार नव्हते. नुसती गन पंधरा किलोच्या आसपास, तिपाई त्याहून जड. म्हणजे गन एकाच्या खांद्यावर, तिपाई दुसऱ्याच्या. नळीभोवती एक जाड आवरण असे आणि त्यात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे. सलग गोळीबार सुरू झाला की काही मिनिटांत ते पाणी उकळू लागे. वाफ नळीवाटे डब्यात जाई, तिचे पुन्हा पाणी होई, ते पुन्हा गनमध्ये ओतायचे. २५० गोळ्यांचा कापडी पट्टा एक जण हाताने सरळ धरून सरकवत राही. गोळ्यांच्या पेट्या आणि पाणी आणणारे वेगळे. गन अडकली की बाजूची दांडी कोणत्या जागी थांबली आहे ते पाहून बिघाड ओळखायचा आणि काही सेकंदांत दूर करायचा. हे डोक्याचे काम होते आणि ते पाठ होईपर्यंत सराव करावा लागे.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून ज्यांची डोकी फुटली, त्यांच्याच समाजातली पोरे वीस वर्षांच्या आत हे यंत्र चालवत होती. तहान लागलेल्या त्या यंत्राला त्यांनीच पाणी पाजायचे होते, आणि त्या पाण्याचा विटाळ कोणाला होत नव्हता. फाळणीच्या वणव्यात याच रेजिमेंटच्या बटालियन पंजाबात बाउंडरी फोर्समध्ये होत्या. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पहिल्या बटालियनचे नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले. 'लढाऊ जमाती'च्या शास्त्राला याहून चोख उत्तर कोणते?

बिल्ल्यावरून काय निघाले, काय उरले

या रेजिमेंटच्या बिल्ल्याची गोष्ट प्रत्येक भीमसैनिकाला माहीत असायला हवी. सुरुवातीला बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. मशीनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभाबरोबर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स गन आल्या. पुढे स्तंभ काढला गेला आणि त्या जागी खंजीर आला. गन मात्र तशाच राहिल्या.

आज या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या सगळ्या जातिधर्मांचे जवान आहेत आणि त्याचा आपल्याला आनंदच आहे. पण त्या बदलाकडे इतिहासाच्या नजरेने पाहा. यंत्र राहिले, स्तंभ गेला. आणि स्तंभावर काय आहे? नावे!

कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या पराक्रमासाठी उभारला, आपल्या मुक्तीसाठी नाही. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पण त्यांनी एक काम केले. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्या शिपायांची नावे दगडात कोरली. एकोणपन्नास नावे, त्यांतली बावीस 'नाक' लावलेली. त्या 'नाक'मुळे ती माणसे कोण होती हे शंभर वर्षांनंतरही कळले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडातून आपल्या समाजाचा हरवलेला इतिहास बोलू लागला. कल्पना करा, इंग्रजांनी त्या जागी नुसती एक तोफ चकचकीत करून ठेवली असती तर? लोकांनी तोफ पाहिली असती, फोटो काढले असते. 'नाक' लावलेल्या नावांची माणसे तिथे लढली होती याचा पत्ता कोणालाच लागला नसता. तोफ कोणाच्या बाजूने साक्ष देत नाही. ज्याच्या हातात ती आहे त्याची ती होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे : यंत्राचे जतन नावांवाचून झाले, तर ते अर्धे जतन आहे. आणि उरलेला अर्धा भाग नेहमी आपल्याच माणसांचा असतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आमच्याच अभ्यासवर्गात आला. "ही फौज साम्राज्याची होती. तिच्या आठवणी आपण का जपायच्या?" प्रश्न रास्त आहे. इंग्रजांनी आपल्याला गरजेला घेतले आणि गरज सरताच टाकले, हे आपण वर पाहिलेच. पण साम्राज्याची जीप जपणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, तो फक्त त्या जीपच्या ड्रायव्हरच्या नातवालाच विचारला जातो. शिवाय फौजेने आपल्या माणसांना दिलेल्या गोष्टी इंग्रजांची मेहेरबानी नव्हती. पगार, साक्षरता, गावकीच्या बाहेरचे जग आणि सरळ मान, हे सगळे त्यांनी मेहनतीने मिळवले. त्याची नोंद ठेवणे म्हणजे साम्राज्याची आरती करणे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "आपण बौद्ध. मशीनगन आणि रणगाड्यांचे कौतुक आपल्याला शोभते का?" कौतुक शोभत नाही, हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच तर नावांचा आग्रह. यंत्र एकटे ठेवले की युद्ध सुंदर दिसते. नवा रंग, चकाकणारे पितळ, बाजूला सेल्फी. त्याच्याशेजारी माणसाचे नाव, गाव, वय आणि मागे राहिलेल्या बायको-पोरांची नोंद ठेवा, मग युद्धाची किंमत दिसू लागते. सम्राट अशोकाने कलिंगच्या युद्धाबद्दल तेराव्या शिलालेखात काय कोरले ते आठवा. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे बंदी करून नेली, आणि त्याहून कितीतरी अधिक मेली. जिंकलेल्या राजाने रथ आणि हत्ती मोजले नाहीत, माणसे मोजली. युद्धाची आठवण बौद्धांनी कशी ठेवावी याचा वस्तुपाठ आपल्याकडे तेवीसशे वर्षांपासून दगडात आहे.

डेपोच्या भिंतीपलीकडे

लढणाऱ्यांइतकीच, किंबहुना जास्त, उपेक्षा झाली ती दुरुस्त करणाऱ्यांची. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, जवाहरनगर, अंबाझरी ही नावे घ्या. दारूगोळ्याचे कारखाने, वाहनांचे आणि सामानाचे डेपो, वर्कशॉप. त्यांच्या आसऱ्याने वस्त्या वाढल्या आणि त्या वस्त्यांतून चळवळ वाढली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे बाकी होती. छावणीच्या आणि डेपोच्या त्या गावात आपल्या समाजाचे कष्टकरी मोठ्या संख्येने होते. दिवसा पाना हातात, संध्याकाळी समता सैनिक दलाची कवायत, अशी ती पिढी होती. तिच्या पगारातून आपल्या पहिल्या पदवीधरांची फी भरली गेली.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध निर्माणींच्या सात कंपन्या करण्यात आल्या. महार रेजिमेंट उभी राहिली त्याला त्या दिवशी बरोबर ऐंशी वर्षे झाली होती. खासगीकरण, कंत्राटीकरण आणि आरक्षणाचे पुढे काय होणार, यावर आपण लढतोच आहोत आणि लढले पाहिजे. पण जुने कारखाने बदलतात तेव्हा जुने कागद, जुने फोटो आणि जुनी अवजारेही जागा सोडतात. ती कुठे जातात? रद्दीत आणि भंगारात. म्हणजे पुन्हा आपल्याच वस्तीत, फक्त ओळख पुसून.

मग आपण काय करायचे?

आपल्याकडे रणगाडा ठेवायला जागा नाही आणि जीप विकत घ्यायला पैसा नाही. त्याची गरजही नाही. जीपवाल्यांची पद्धत मात्र आपण उचलू शकतो. ते क्रमांकापासून सुरुवात करतात. आपणही करू.

एक. घरातली जुनी पेटी उघडा. फौजेतले पे-बुक, डिस्चार्जचा कागद, पेन्शनची वही, कारखान्यातला हजेरीचा पितळी बिल्ला, युनियनची पावती, निरोपसमारंभाचा फोटो, यांतले काहीही टाकू नका. कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आहे तसा फोटो काढा आणि कोरड्या जागी ठेवा.

दोन. पदक सापडले तर पितांबरीने घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक आणि नाव बारीक अक्षरात कोरलेले असते. घासून ते झिजते. हे पदक चांदीचे होते, पण मजूर पलटणीतल्यांना तेच पदक कांस्याचे मिळाले. पदकातही उतरंड होती! चांदीची पदके अडीअडचणीला सोनाराकडे गेली आणि वितळली. चांदीबरोबर कडेवरचे नावही वितळले. उरली असतील ती भिंगाखाली वाचा.

तीन. क्रमांक मिळाला की संबंधित रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला घरच्यांच्या सहीने अर्ज करा. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. कारखान्यातल्या माणसांसाठी सर्व्हिस बुकची प्रत मागा.

चार. वस्तीतल्या ज्येष्ठांना प्रश्न विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. "लढाईत काय केलं?" असे विचारू नका, ते लाजतात. "तुमच्या हातात कोणतं काम होतं? कोणता आवाज आला की बिघाड कळायचा? शेजारी कोण असायचं? पाणी कुठे प्यायचात?" असे विचारा. शेवटच्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांत अर्धा समाजशास्त्राचा ग्रंथ असतो.

पाच. घरात जुने हत्यार, काडतूस किंवा बॉम्बचे कवच सापडले तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. मशीनगनसारखे हत्यार खासगी माणसाने बाळगायला कायद्याने बंदी आहे. आपल्याला लोखंड जमवायचे नाही, नावे जमवायची आहेत.

सहा. संग्रहालयात जाल तेव्हा अभिप्रायाच्या वहीत नम्रपणे लिहा : "हे यंत्र चालवणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची नावेही पाटीवर द्यावीत." एकाने लिहिले तर कोणी पाहणार नाही. दर सहलीत वीस मुलांनी लिहिले तर पाहावे लागेल.

प्रदर्शनाच्या पुढच्या रविवारी आम्ही काकांकडे पुन्हा गेलो. या वेळी वही घेऊन. पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहिले, खाली त्यांच्या वडिलांचे, मग गावाचे. काकांनी माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढली. तळाशी मेणकापडात गुंडाळलेले वडिलांचे पे-बुक होते. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण क्रमांक शाबूत. बसमध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी एकेक अंक मोठ्याने वाचत होती आणि काका मान डोलावत होते. वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "माझ्या पोरांनी हे कधी मागितलंच नाही. मला वाटलं, कोणाला नकोय."

मित्रांनो, ती पिढी संपत आली आहे. डाव्या चाकाचे नट उलट फिरतात हे सांगणारा माणूस उद्या नसेल, आणि जीप मात्र असेलच. तिचे जतन करायला पैसेवाले समर्थ आहेत. आपल्या माणसांची नावे जपायला आपल्याशिवाय कोणी येणार नाही.

येत्या १ ऑक्टोबरच्या आत प्रत्येक शाखेने निदान दहा घरांच्या पेट्या उघडाव्यात, एवढीच विनंती.

जय भीम!